दामूनानांच्या सुटकेला लेखी हरकत

बॅनरवरच्या माणसाला मी ओळखलंच नाही, आणि त्याच माणसाची चौकशी करायला मी त्या गावात आले होते.

खारबाव स्टेशनवरून रिक्षा केली होती. गावाच्या तोंडाशी रिक्षावाल्याने ब्रेक दाबला आणि मान वर करून म्हणाला, "मॅडम, आपको इन्हीं के घर जाना है ना?" मी वर पाहिलं. दोन खांबांच्या मध्ये निदान वीस फुटांचा फ्लेक्स बांधलेला. मधोमध पांढराशुभ्र सूट घातलेला, काळा गॉगल लावलेला रुबाबदार म्हातारा. त्याच्या मागे वाघ. वाघाच्या मागे उगवता सूर्य. वर मोठ्या अक्षरांत, 'आमचे मार्गदर्शक, आमचे आधारस्तंभ, दामूनाना यांचे गावात सहर्ष स्वागत!' आणि खाली शुभेच्छुकांचे फोटो. मी सवयीने मोजले. एकेचाळीस होते.

या आधारस्तंभाला मी आठ दिवसांपूर्वीच तुरुंगाच्या दवाखान्यात भेटले होते. वय सत्याहत्तर. उजवी बाजू पूर्ण गेलेली, वाचाही गेलेली. दुसरा एक कैदी त्यांना चमच्याने मऊ भात भरवत होता आणि त्यातला निम्मा हनुवटीवरून खाली येत होता. मी विचारलं, "नाना, घरी जायचंय का?" त्यांनी डाव्या हाताची बोटं चादरीवर दोनदा आपटली. मी फॉर्मवर लिहिलं, 'बंदिवान घरी जाण्यास इच्छुक.' बाहेर पडताना तिथले डॉक्टर म्हणाले, "मॅडम, तुमच्या कागदांना जेवढा वेळ लागतो ना, तेवढा या माणसाकडे नाहीये. जरा बघा."

तर हे असं. माणूस अजून तुरुंगात, सुटकेची ऑर्डर नाही, आणि गावात स्वागत होऊन गेलेलं.

माझं काम काय ते आधी सांगते, कारण पस्तीस वर्षं नोकरी करूनही माझ्या सख्ख्या बहिणीला ते कळलेलं नाही. मी प्रोबेशन ऑफिसर होते. सरकारी मराठीत परिविक्षा अधिकारी. एखादा कैदी फार म्हातारा झाला किंवा बरा न होणाऱ्या आजाराने अंथरुणाला खिळला, तर शिक्षा पूर्ण व्हायच्या आधी त्याला घरी सोडता येतं. त्याला मुदतपूर्व सुटका म्हणतात. पण सोडायचं म्हणजे तुरुंगाचं दार उघडून 'या आता' म्हणायचं नसतं. डॉक्टरांचा रिपोर्ट लागतो, पोलिसांचा लागतो, आणि एक आमचा लागतो. त्यासाठी आम्ही घरी जातो. याला सांभाळणार कोण, ठेवणार कुठे, आणि ज्यांचं माणूस गेलं त्यांची काही हरकत आहे का, हे बघतो. शेवटचा प्रश्न सगळ्यांत अवघड.

दामूनाना खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप भोगत होते. अकरा वर्षांपूर्वी खाडीच्या बांधावर भांडण झालं. बांधाला एक उघाडी होती. उघाडी म्हणजे भरतीचं पाणी आत-बाहेर करायची फळी लावलेली वाट. पाणी उतरताना तिथे जाळं लावलं की मासळी आयती मिळते. त्या दिवशी जाळं लावायची पाळी कोणाची, यावरून दामूनाना आणि त्यांचा चुलतभाऊ हरी यांची जुंपली. नानांनी हातातली बल्ली, म्हणजे जाळं बांधायचा जाड वासा, हरीच्या डोक्यात घातली. हरी तिसऱ्या दिवशी गेला. आज त्या जागेवर गोदाम उभं आहे. ती उघाडी कुठे होती हे मला गावातल्या दोघांनी दाखवलं आणि दोघांनी वेगवेगळ्या जागा दाखवल्या.

बॅनर लावणारा होता रमाकांत, नानांचा सख्खा पुतण्या. पंचेचाळिशीचा, गळ्यात जाड साखळी, अंगाने भरपूर. नानांना मूलबाळ नाही, त्यामुळे हमीदार म्हणून फॉर्मवर याचंच नाव होतं. तो दारातच उभा होता.

"रमाकांत, हा बॅनर कशासाठी?"

"नाना येनार ना मॅडम. मंग तयारी नको?"

"अहो, ऑर्डर कुठे आलीय अजून?"

"पन फाइल पुढं गेली ना? जेलमधला क्लार्क बोलला."

"फाइल माझ्याकडे आलीय."

"तेच बोलतंय मी! तुमच्याकरं आली म्हंजे पुढंच गेली ना."

सरकारी अर्थाने तो बरोबरच होता.

"आणि एवढे सगळे शुभेच्छुक? विचारलं होतं का त्यांना?"

"मॅडम, विचारत कोन बसतंय? सगल्यांचं डीपी घेतलं व्हॉट्सअपवरून. भावकीतला एक जरी फोटो राहिला ना, तर वर्षभर बोलत न्हाईत लोकं. गनपतीला आमच्या मामांचा राहिला, अजून दारान येत न्हाय."

मग त्याने मला घर दाखवलं. तीन मजली बंगला. नानांसाठी तिसऱ्या मजल्यावरची खोली तयार केलेली. छताला निळे-गुलाबी दिवे, एसी, भिंतीएवढा टीव्ही. मी विचारलं, "लिफ्ट?"

"त्याचं बघतंय."

"अर्धांगवायूचा माणूस तिसऱ्या मजल्यावर नेणार कसा?"

रमाकांतने खाली जिन्याकडे पाहिलं, वर दिव्यांकडे पाहिलं, आणि प्रामाणिकपणे म्हणाला, "हा इचार न्हाय केला."

मी कपाळाला हात लावणार, तेवढ्यात मागून कोणीतरी माझ्या साडीचा पदर ओढला. ठेंगणी, काळीसावळी, सत्तरी ओलांडलेली बाई. नानांची बायको, हिराबाय. "बाय, त्याचं बोलनं सोर. ये इकरं, तुना दाखवतंय."

बंगल्याच्या मागे जुन्या घराची एक पडवी तशीच ठेवली होती. तिथे खाट होती, खाटेवर धुतलेली चादर, शेजारी चाक लावलेली खुर्ची, कोपऱ्यात नवं कमोड. खिडकीला मच्छरदाणी ठोकलेली. एका फळीवर डबे, त्यात नाचणीचं पीठ, तांदळाची कणी. सगळं जमिनीपासून हाताच्या अंतरावर. पस्तीस वर्षांत मी शेकडो घरं पाहिली, पण माझा फॉर्म न वाचता कोणी त्याचे सगळे कॉलम असे भरून ठेवलेले पाहिले नव्हते.

"मावशी, त्यांना कूस बदलून द्यावी लागेल. दर दोन तासांनी. नाहीतर पाठीला जखमा होतात. जमेल तुम्हाला?"

हिराबायने हाक मारली, "रमाकांता, ये. झोप."

रमाकांत ओशाळला. "काकी, मॅडमसमोर कशाला..."

"झोप बोलतंय ना!"

नव्वद किलोचा रमाकांत साखळीसकट खाटेवर आडवा झाला. हिराबायने त्याच्या अंगाखालची चादर एका बाजूने मुठीत धरली, एक गुडघा खाटेवर टेकवला, आणि 'हूं' करून त्याला भिंतीकडे वळवून टाकलं. मग पाठीशी उशी सरकवली.

"दवाखान्यातले मावशीपासून शिकलंय. दोन महिनं याच्यावर हात बसवतंय. हा वलतंय, मंग ते कय, सुकलेल्या बोंबलासारं झालंय. त्यांना मी एका हातान वलवीन." आणि मग तिचा आवाज एकदम खाली आला. "बाय, त्यांनी वाईट केलं. मी न्हाय बोलत की न्हाय केलं. पन त्यांना परक्याच्या हातून पेज पितांना मी बघून आलंय. मरायचं तर हितं मरूं दे. माझ्या हातची पेज पिऊन मरूं दे."

मी चष्मा पुसला. तो खरोखर धुळीने भरला होता, पण पुसला त्या कारणाने नाही. रमाकांत भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "काकी, उठू का?"

ऑफिसला परत आले आणि रिपोर्ट लिहायला घेतला. सांभाळणारं माणूस आहे, जागा आहे, हमीदार आहे. हरीच्या मुलाला भेटणं बाकी होतं. तो त्या दिवशी गावात नव्हता. तेवढ्यात साहेबांनी बोलावलं.

आमचे साहेब माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. स्वभावाने चांगला माणूस, फक्त सही करायला घाबरायचा. त्यांच्यापुढे पोलिसांचा रिपोर्ट होता.

"मॅडम, निगेटिव्ह आलाय." त्यांनी वाचून दाखवलं. "मयताचा मुलगा बळीराम याने लेखी हरकत घेतली असून, बॅनरबाजीमुळे गावात तणाव निर्माण होण्याची शक्यता नाकारता येत नाही. सबब सुटकेची शिफारस करता येत नाही."

"हरकतीचा अर्ज जोडलाय?"

"नाही. उल्लेख आहे."

"मग मी त्याला भेटून येते."

"मॅडम, कशाला? पोलीस निगेटिव्ह, आपण निगेटिव्ह, विषय संपला. आपण पॉझिटिव्ह दिला तर उद्या मला विचारतील, तुमचा पॉझिटिव्ह का?"

"आणि नाना तिकडे गेले तर?"

"तर फाइल आपोआप बंद होते," साहेब म्हणाले. मग स्वतःचंच वाक्य त्यांच्या कानावर पडलं असावं, कारण त्यांनी पोलिसांचा रिपोर्ट उलटा करून ठेवला. "परवापर्यंत वेळ आहे. परवा संध्याकाळी फाइल जाणार म्हणजे जाणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मानकोलीला गेले. तिथे बळीरामचा वजनकाटा होता. म्हणजे रस्त्यालगत जमिनीत बसवलेली मोठी लोखंडी प्लेट. गोदामांकडे जाणारे ट्रक तिच्यावर उभे राहतात, केबिनमधल्या स्क्रीनवर वजन येतं, पावती निघते. केबिनमध्ये चाळिशीचा, दाढी राखलेला, लालबुंद डोळ्यांचा माणूस बसला होता. मी ओळख दिली. त्याने खुर्ची पुढे केली, चहा सांगितला, आणि मग तोंड फिरवून बसला.

"हरकत हाय माझी. लेखी दिलेली हाय."

"तेच समजून घ्यायला आलेय."

"समजायचं कय हाय त्यात? अन्याय हाय सरासर! ए, गाडी आगे लो! आगे! रुको!" शेवटचं वाक्य ट्रकवाल्याला होतं. पावती फाडून देऊन तो परत माझ्याकडे वळला. त्याने खिशातून फोन काढला, त्यावर बॅनरचा फोटो उघडला, दोन बोटांनी मोठा केला, अजून मोठा केला, आणि माझ्या नाकासमोर धरला.

"बगा."

मी पाहिलं. सगळ्यांत खालच्या ओळीत, डावीकडून चौथा, बळीराम होता. पोस्टाच्या तिकिटाएवढा.

"हे तुम्ही आहात," मी म्हटलं.

"माझ्या वर कोन हाय बगा. हा वरती, नानाचे बाजूला, एवरा मोठा. हा कोन? रमाकांतचा साला! आमचे गावचा पन न्हाय! आन मी?" त्याचा आवाज चढला. "बाप माझा मेला, मॅडम! माझा! आन माना खालचे लायनीन टाकलंय!"

मी नोकरीत बऱ्याच हरकती ऐकल्या होत्या. कैदी सुटला तर आम्हाला मारेल, कैदी सुटला तर जमीन मागेल, कैदी सुटला तर मला परत स्वयंपाक करावा लागेल. ही नवी होती.

"बळीराम, तुम्ही पोलिसांत जो अर्ज दिलात, त्यात नक्की काय लिहिलंय?"

त्याने टेबलाच्या खणातून झेरॉक्स काढली. दोन पानी अर्ज. विषय, 'बॅनरबाबत हरकत'. परवानगी न घेता फोटो छापल्याबद्दल, तो लहान छापल्याबद्दल, आणि खालच्या ओळीत छापल्याबद्दल. दोन्ही पानं मी दोनदा वाचली. नानांच्या सुटकेचा त्यात एक शब्दही नव्हता. पोलीस ठाण्यातल्या कोणीतरी विषय वाचला होता, पानं वाचली नव्हती, आणि नानांच्या फाइलला 'हरकत' लावून टाकली होती.

हसू दाबायला मी चहाचा कप तोंडाला लावला. पण मग बळीराम जे बोलला त्याने ते आपोआप गेलं.

"मॅडम, आमच्यान हलद असो, साखरपुडा असो, पयलं आवतान भावकीत द्याचं. सोता जाऊन, नारल-सुपारी हातात देऊन. भांडन असलं तरी द्याचं. मंग आमी जाऊ न्हायतर न जाऊ, तो आमचा मान. नाना येनार, बॅनर लागला, गावाला कल्लं, रिक्षावाल्यांना कल्लं. आमचे घरान कोन आलं? माना कोनी इचारलं? अकरा वर्षांन एक मानूस आमचा उंबरा चरला न्हाय."

"मी विचारतेय. नाना घरी आलेले तुम्हाला चालतील का?"

काट्यावर ट्रक येऊन उभा राहिला. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. बळीराम स्क्रीनकडे बघत राहिला, पण वजन त्याने वाचलं नाही.

"तुमी सरकार हाय," तो शेवटी म्हणाला. "तुमचं इचारनं वेगलं. उद्या या. उद्या लिहून देतंय, काय ते."

आता इथे नियम असा, की आम्ही दोन्ही घरांमध्ये मध्यस्थी करायची नाही. फक्त नोंद करायची. मी नियम कधी मोडला नाही. संध्याकाळी मी हिराबायला फक्त फोन केला.

"मावशी, फॉर्ममध्ये एक माहिती राहिलीय. नाना घरी येणार हे भावकीत कोणाकोणाला तुम्ही स्वतः जाऊन सांगितलंय?"

असा कॉलम फॉर्ममध्ये नाही. पण तिने कुठे फॉर्म वाचला होता? ती म्हणाली, "कुनच्या तोंडान जाऊ बाय?"

"मी फक्त विचारतेय. नसेल तर 'नाही' लिहिते. बळीरामचा जबाब घ्यायला उद्या दहाला मी काट्यावर आहे, त्याच्या आत सांगितलंत तरी चालेल."

"फोन ठेव," हिराबाय म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता बळीराम केबिनमध्ये दाढी खाजवत बसला होता. मी फॉर्म काढला. 'हरकत आहे / हरकत नाही' यापैकी एक खोडायचं होतं. त्याने पेन घेतलं, टोपण काढलं, परत लावलं. इतक्यात बाहेरून रमाकांतची मोठी काळी गाडी आली आणि थेट काट्याच्या प्लेटवर चढून थांबली. त्याला दुसरीकडे लावायची जागा दिसली नसावी. स्क्रीनवर आकडा आला, आणि बळीरामच्या हाताने सवयीने बटण दाबलं. पावती निघाली. दोन हजार एकशे चाळीस किलो.

गाडीतून हिराबाय उतरली. नेसूचं काठाचं लुगडं, हातात ताट, ताटात नारळ आणि सुपारी. मागून रमाकांत उतरायला लागला तर तिने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो परत आत बसला आणि दार लावून घेतलं.

ती केबिनच्या दारात उभी राहिली. आत आली नाही. बळीरामही उठला नाही.

"बली," ती म्हणाली, "तुजे काकाला घरान आनू का?"

रस्त्यावरून कंटेनर जात होते. बळीराम जमिनीकडे बघत होता. मग म्हणाला, "काकी, माझे बापाला मारला तवा कोनी इचारलं हूतं?"

"न्हाय," हिराबाय म्हणाली. "म्हनून आता तुना इचारतंय. तू न्हाय बोललास तर न्हाय आननार. जेलमधीच जाऊं दे त्यांना. मी या बायला तसं लिहून देतंय."

बाईने दोन महिने घाम गाळून केलेली सगळी तयारी एका वाक्यात पणाला लावली होती, आणि मी फोन केला नसता तर ही वेळच आली नसती. फॉर्मवर कसं लिहायचं हे? मी टेबलावरचं पेन उचललं आणि त्या माणसाच्या तोंडाकडे बघत राहिले.

बळीरामने डोळे पुसले. बाहीने, लहान मुलासारखे. मग उठला, तिच्या हातातला नारळ घेतला, आणि सुपारी खिशात टाकली. "उभी कनाला हायस, काकी? बस." त्याने स्वतःची खुर्ची दिली.

मी सुटकेचा श्वास टाकून 'हरकत आहे' खोडणार, तेवढ्यात तो म्हणाला, "थांबा मॅडम. अटी हाईत."

"अटी लिहायला कॉलम नाहीये."

"मंग हितं लिवा." त्याने मघाची पावती माझ्यासमोर ठेवली, पाठकोरी. मी लिहून घेतलं. बॅनर आजच उतरवायचा. डीजे लावायचा नाही. फटाके वाजवायचे नाहीत. नानांना मागच्या रस्त्याने लपवून न आणता हरीच्या दारावरून आणायचं, आणि दारात गाडी थांबवायची. पाचवी अट रमाकांतच्या साल्याबद्दल होती. ती मी लिहून घेतली नाही, कारण ती कागदावर उतरवण्यासारखी नव्हती.

खाली बळीरामने सही केली. हिराबायने अंगठा उठवला. मी शाई पुसायला माझा रुमाल दिला, तो अजून निळा आहे.

संध्याकाळी साहेबांनी रिपोर्ट वाचला. जबाब वाचला, अर्जाची झेरॉक्स वाचली, पोलिसांनी चूक मान्य करून पाठवलेलं पत्र वाचलं. ते पत्र मिळवायला मी दुपारचे तीन तास ठाण्यातल्या बाकावर बसून काढले होते. मग साहेबांच्या हाताला पावती लागली.

"मॅडम, 'डीजे लावू नये' हे काय आहे?"

"अट आहे साहेब."

"कायद्यात बसते?"

"नाही. पण लोकहिताची आहे."

त्यांनी पावती उलटी केली. "आणि हे दोन हजार एकशे चाळीस किलो?"

"हमीदार, गाडीसकट."

साहेबांनी पेन हातात घेतलं, पंख्याकडे पाहिलं, देवाचं नाव घेतलं आणि सही केली. त्यांच्या नोकरीतली ती सगळ्यांत शूर सही असावी. फाइल वर गेली. मी दर सोमवारी फोन करून ती कोणत्या टेबलावर आहे ते विचारत राहिले, इतकी की पलीकडचा माणूस माझा आवाज ऐकला की आधीच 'पेंडिंग' म्हणायचा. सहाव्या सोमवारी तो म्हणाला, "गेली मॅडम. ऑर्डर गेली. आता मला फोन करू नका."

नाना घरी आले त्या दिवशी मी हजर होते. तशी गरज नव्हती, पण मी ड्युटी दाखवली. ॲम्ब्युलन्स हरीच्या दारात थांबली. अर्धं गाव लांब उभं होतं. बळीराम बाहेर आला. त्याने मागचं दार उघडलं आणि आत पाहिलं. आत गॉगल नव्हता, सूट नव्हता, वाघ तर नव्हताच. चादरीखाली एक मूठभर माणूस होता. नानांनी त्याला ओळखलं की नाही, सांगता येणार नाही. त्यांची डावी बोटं चादरीवर हलत होती. बळीराम किती वेळ उभा होता कोणास ठाऊक. मग त्याने हळूच दार लावलं आणि ड्रायव्हरला म्हणाला, "एसी कमी कर. म्हाताऱ्याला थंडी वाजंल."

पंधरा दिवसांनी मी नियमाप्रमाणे पाहणीला गेले. पडवीत नाना स्वच्छ झोपले होते. पाठीला एक जखम नाही. पेज पिताना एक थेंब हनुवटीवर येत नव्हता, कारण हिराबाय तो येण्याआधीच बोटाने टिपत होती. मी विचारलं, गादी ओली होत नाही का?

तिने चादरीचं टोक उचललं. गादीवर फ्लेक्स अंथरलेला होता. वीस फुटांचा तो बॅनर तिने खाटेच्या मापाने कापला होता. नाना स्वतःच्याच सुटाबुटातल्या फोटोवर निजले होते.

"पानी खाली जात न्हाय. रमाकांतचं एक काम उपयोगी परलं," ती म्हणाली. मी निरखून पाहिलं. रमाकांतचा साला बरोबर नानांच्या कमरेखाली आला होता. खालची ओळ मात्र कापून टाकलेली होती.

"ही ओळ का कापली?"

"त्यान बली होता ना," हिराबाय म्हणाली. "त्याच्यावर कसं झोपवू त्यांना?"

तेवढ्यात बळीराम आला. काट्यावरून घरी जाताना तो रोज थांबायचा, असं कळलं. माझ्याशी जेमतेम बोलला. चादरीचं दुसरं टोक धरलं, हिराबायने एक धरलं, 'हूं' केलं, आणि नाना अलगद भिंतीकडे वळले. एका हाताने वळवीन म्हणणारी हिराबाय त्या वेळी दोन्ही हात लावत होती, आणि तरी तिला दम लागत होता, निदान बळीराम तिथे असेपर्यंत.

नाना सव्वातीन महिने जगले. माझ्या रिपोर्टात त्याला 'पुनर्वसन समाधानकारक' म्हटलं आहे, कारण त्याहून बरा शब्द फॉर्ममध्ये नाही.

या प्रकरणातून मी एक शिकले. आमच्या फॉर्ममध्ये बरेच कॉलम आहेत, पण 'मयताच्या घरी कोणी विचारायला गेलं होतं का' असा एकही नाही. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत प्रत्येक फॉर्मवर मी तो प्रश्न पेनाने खाली लिहीत गेले. साहेब प्रत्येक वेळी विचारायचे, हे कुठून आलं? मी सांगायचे, वजनकाट्यावरून.

नानांच्या दहाव्याला मी गेले. वेशीवर त्याच दोन खांबांच्या मध्ये नवा बॅनर होता. 'भावपूर्ण श्रद्धांजली'. मधोमध नाना, गॉगल तोच, वाघ काढलेला. त्यांच्या शेजारी, सगळ्यांत वर, मोठ्यात मोठा फोटो बळीरामचा. या वेळी रमाकांत स्वतः त्याच्या घरी जाऊन फोटो मागून आला होता. मी समाधानाने पुढे निघाले, आणि खालच्या ओळीवर नजर गेली. 'शोकाकुल' या शब्दाच्या बाजूला, डावीकडून चौथी, मी होते. पोस्टाच्या तिकिटाएवढी. फोटो माझ्या डीपीवरून घेतलेला, भाचीच्या लग्नातला, केसांत गजरा.

मी सरकारी नोकर. अशा बॅनरवर फोटो येणं नियमात बसत नाही. त्यामुळे लेखी हरकत घ्यायला माझ्याकडे सबळ कारण होतं. घेतली नाही. पण रिक्षात बसल्यावर मागे वळून पाहिलं आणि खरं सांगायचं तर मनात आलं, की जरा मोठा छापला असता तर काय बिघडलं असतं.